बेवारसाला गाव वारस



रब्बीच्या पेरण्या आता बहुतेक ठिकाणी उरकल्या आहेत. बागायती गव्हाला पहिले पाणी मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनी द्यायचे असते, ते चुकवू नका. हरभऱ्यावर घाटेअळी दिसते का, हे आठवड्यातून दोनदा पाहत जा. एवढे सांगून आज पिकाचा विषय बाजूला ठेवतो. एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे आणि त्याचे उत्तर थंडी वाढण्याआधी द्यायला हवे.

त्या लिहितात, "आमच्या एसटी थांब्यावर एक म्हातारी तीन पावसाळे राहिली. कुठली, कोणाची, काही सांगत नसे. नाव विचारले की नुसती हसायची. आम्ही बायका जाता-येता भाकरी-कालवण द्यायचो, ती थांबा झाडून लख्ख ठेवायची. गेल्या हिवाळ्यात एके सकाळी ती उठलीच नाही. पोलीस पाटलांनी वर्दी दिली, पंचनामा झाला. नातेवाइकांचा तपास लागला नाही, तेव्हा ग्रामपंचायतीने माती दिली. कागदावर 'अनोळखी बेवारस स्त्री, वय अंदाजे सत्तर' एवढेच आहे. आता वर्ष होत आले. तिच्यासाठी काहीतरी करावे असे आम्हा बायकांच्या मनात आहे. पण वडीलधारी म्हणतात, जिचे नाव नाही, गोत्र नाही, जात ठाऊक नाही, तिचे वर्षश्राद्ध घालायचे कोणी आणि कसे? उगाच नसते अंगावर घेऊ नका. आम्ही काय करावे?"

ताई, तुमच्या मनात आले ते योग्यच आहे. वडीलधाऱ्यांची शंकाही वाईट हेतूची नाही. गावात रीत पाळणारी माणसे असतात म्हणून गाव टिकते. पण रीत काय सांगते तेही नीट पाहू. पितरांचे तर्पण करताना ज्यांना कोणीच नाही त्यांच्या नावाने पाण्याची एक ओंजळ सोडतात. श्राद्धात अशांसाठी धर्मपिंड देतात. अनाथ प्रेताचा संस्कार करणे हे जुन्या धर्मशास्त्रानेही मोठे पुण्य मानले आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांत मयताची नमाज हे साऱ्या वस्तीवरचे कर्तव्य असते. चारजणांनी केले तर सगळे सुटतात, कोणीच केले नाही तर दोष सगळ्यांवर येतो. म्हणजे बिनगोत्राच्या माणसाची सोय आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवली आहे.

कायद्याचेही तेच म्हणणे आहे. दिल्लीच्या आश्रय अधिकार अभियानाच्या प्रकरणात, २००२ साली, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की बेघर माणसालाही मरणानंतर त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने अंत्यसंस्कार मिळण्याचा हक्क आहे.

आता त्या 'बेवारस' शब्दाकडे येऊ. आपल्यापैकी कोणी गेले की महिन्या-दोन महिन्यांत घरात वारसनोंदीची गोष्ट निघते. तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, मग सात-बाऱ्यावर मुलाबाळांची नावे. माणूस गेला तरी तो कोणाचा कोण होता हे कागदावर राहते. थांब्यावरच्या आजीला गुंठाभर जमीन नव्हती, म्हणून तिचा फेरफार नाही. पण तीन पावसाळे जिला गावाने भाकरी दिली आणि जिने गावाचा थांबा झाडला, तिला वारस नाही असे कसे म्हणावे? वारसनोंद करायची राहिली आहे, एवढेच. ती गावाने करावी. तुम्ही करू म्हणता तो स्मरणाचा कार्यक्रम म्हणजे माझ्या मते हीच नोंद.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, तिने मला थांबवले. आजीच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन आणि खाली 'सखू' असे गोंदलेले होते, ते बायकांनीच पाहिले होते. ताई, जुन्या बायकांच्या अंगावरचे गोंदण म्हणजे न पुसणारा कागद. कोणी स्वतःचे नाव गोंदवून घेई, कोणी भावाचे, कोणी नवऱ्याचे. 'सखू' तीच, की तिची बहीण, की मुलगी, हे आता कळणार नाही. पण पंचनाम्यात ते नसेल तर आजही पोलीस ठाण्यात लेखी कळवा. कुठल्या तरी तालुक्यात कोणी हरवल्याची तक्रार देऊन वाट पाहत बसलेले असेल.

खुणेचे मोल किती असते याचे उदाहरण सांगतो. उत्तर प्रदेशातील अयोध्येचे मोहम्मद शरीफ हे सायकल दुरुस्तीचा धंदा करणारे गृहस्थ. त्यांचा तरुण मुलगा सुलतानपूरला कामासाठी गेला आणि मारला गेला. घरी कळलेच नाही. त्याच्या देहाची बेवारस म्हणून वाट लागली. महिनाभराने ओळख पटली ती सदऱ्याला लावलेल्या शिंप्याच्या चिठ्ठीवरून. त्यानंतर शरीफ यांनी ठरवले की आपल्या भागात कोणीही बेवारस जाऊ द्यायचा नाही. हिंदू असो वा मुसलमान, त्यांनी हजारो अनोळखी देहांना त्यांच्या त्यांच्या धर्माप्रमाणे निरोप दिला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुलाला जे मिळाले नाही ते त्यांनी परक्यांना दिले.

अशी माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री छपराविना राहणाऱ्यांची देशभर वेगळी मोजणी झाली. ती १७ लाख ७३ हजार भरली. त्यातले जवळजवळ निम्मे, ८ लाखांवर, खेड्यापाड्यांत होते. एकट्या महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक. बेघर म्हणजे मुंबईच्या पदपथावरचा, हा समज सोडला पाहिजे. देवळाचा ओटा, बाजारतळ, एसटी थांबा, बंद पडलेली चावडी, ही त्यांची खेड्यातली घरे. मी तीस वर्षे गावोगाव फिरतो, अशा थांब्यांवर बसूनच एसटीची वाट पाहिली आहे. तिथे भेटलेल्यांपैकी बरेच जण एके काळी कोणाच्या तरी बांधावरचेच होते. त्यांना 'कुठले' विचारले तर चटकन सांगत नाहीत, पण 'यंदा तिकडे पाऊस कसा?' असे विचारले की बोलू लागतात.

परदेशातही हा प्रश्न आहे आणि तिथल्या लोकांनी एक प्रथा पाडली आहे. अमेरिकेत १९९० पासून दर वर्षी २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, त्या त्या गावात बेघर अवस्थेत वारलेल्यांची नावे मोठ्याने वाचतात आणि मेणबत्त्या लावतात. ज्याचे नाव कळले नाही त्याचीही आठवण काढतात. रात्र मोठी निवडली, कारण उघड्यावरच्या माणसाला तीच जड जाते.

आपल्याला दिवस शोधायला लांब जायला नको. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे, अशा वेषात हा माणूस आयुष्यभर फिरला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे हजारोंसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र कुठल्याच छपराशी बांधला गेला नाही. १९५६ साली देह ठेवला तोही वाटेतच, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. अनेक गावांत त्या दिवशी सफाई आणि कीर्तन होतेच. त्यालाच हा कार्यक्रम जोडावा.

कार्यक्रम कसा करावा, ते क्रमाने सांगतो.

१. आधी यादी. पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे दप्तर आणि गावातली जाणती माणसे यांच्याकडून गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावच्या शिवारात असे कोण कोण गेले ते विचारून लिहावे. मृत्यूची नोंद झाली आहे ना, तेही पाहावे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने गावात बेवारस देह आढळला तर ती खबर देण्याची जबाबदारी गावच्या अधिकाऱ्यावरच टाकली आहे. नोंद राहिली असेल तर रीतसर अर्ज करावा.

२. नाव नसेल तर ओळख लिहावी. 'बेवारस स्त्री' असे लिहू नये. 'हातावर तुळशीचे गोंदण असलेली आजी, आपल्या थांब्यावर तीन पावसाळे राहिली, थांबा झाडत असे', असे लिहावे. माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. प्रेताचा फोटो फळ्यावर लावू नये, मोबाईलवरही फिरवू नये. तो पोलिसांच्या कागदात असतो, तिथेच राहू द्यावा.

३. जागा सर्वांची निवडावी. शाळेचे पटांगण, चावडी किंवा तो थांबाच. गेलेल्याचा धर्म माहीत नसतो, म्हणून कोणत्याही एका धर्माची जागा नको. ज्याला आपल्या रीतीने काही करायचे त्याने ते घरी खुशाल करावे.

४. आधी खराटा, मग दिवा. सर्वांनी मिळून जागा झाडावी. यादीतली एकेक ओळख सावकाश वाचावी आणि प्रत्येकासाठी एक पणती लावावी. ज्याला त्या माणसाची आठवण असेल त्याने दोन वाक्ये बोलावीत. मग दोन भजने. हार-तुरे, खुर्च्या, पाहुणे, भाषणे नकोत. ताई, आजीविषयी पुढाऱ्यांनी बोलण्यापेक्षा तिला भाकरी देणाऱ्या बायकांनी बोलावे.

५. वर्गणी काढू नये. वाटीभर तेल आणि घरटी दोन भाकऱ्या पुरतात. पिठले गावकीचे. पंगतीत पहिले ताट त्या दिवशी गावात जो कोणी उघड्यावर असेल त्याला वाढावे, पण त्याला उभे करून दाखवू नये.

६. झाड लावायचे तर डिसेंबरात लावू नका. आता फक्त जागा ठरवा. उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा. पावसाळ्यापूर्वी चांगली माती आणि दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत घालून भरावा आणि मृगाचा पाऊस झाला की लिंबाचे रोप लावावे. काट्यांचे कुंपण करावे. पहिली दोन उन्हाळी पाण्याची पाळी कोणाकडे, ते त्याच दिवशी ठरवावे. थांब्याजवळ सावली झाली तर पुढच्या बसणाऱ्याला उपयोगी पडेल.

इथवर सोपे आहे. पुढचे थोडे अवघड आहे आणि खरे काम तेच आहे. वारस झाले की नुसती जमीन येत नाही, सोसायटीचे कर्जही वारसाच्या दारी येते हे आपण सगळे जाणतो. गाव आजीचे वारस झाले तर तिचे देणेही गावावर आले. ते देणे म्हणजे आज त्या थांब्यावर, देवळाच्या ओट्यावर जो बसला आहे तो. गेलेल्यासाठी पणती लावायची आणि असलेल्याला हाकलायचे, असे झाले तर सारा कार्यक्रम पोकळ.

निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागायतदार रात्र जागून बागेत शेकोट्या करतात, पहाटे पाणी देतात. घडाला थंडी बाधू नये म्हणून एवढी दगदग करणारे आपण, थांब्यावरच्या माणसासाठी एक जाड घोंगडी, खाली गवताचा थर आणि वाऱ्याच्या बाजूला एक ताडपत्री सहज देऊ शकतो. बंद चावडीची एक खोली डिसेंबर-जानेवारीपुरती रात्री उघडी ठेवता येते. ग्रामसभेत तसा ठराव मांडा.

माणूस आजारी दिसला तर १०८ ला, अडचणीत दिसला तर ११२ ला फोन करा. वृद्धांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. कोणी भ्रमिष्टासारखा फिरत असेल तर त्याला दगड मारणाऱ्या पोरांना आवरा आणि पोलीस ठाण्याला कळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा माणसाला संरक्षण देणे हे ठाणे अंमलदाराचे काम आहे. अशी माणसे बरी होऊन घरी जातात. डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो रुग्णांवर उपचार करून त्यांना आपापल्या घरी पोचवले, त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि कोणी नवे माणूस थांब्यावर आले तर पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी बोलून नाव, गाव, अंगावरची खूण लिहून ठेवा. हे काम बायका उत्तम करतात. आजीच्या गोंदणाचे वाचन त्यांनीच केले ना?

तेव्हा ताई, वडीलधाऱ्यांना सोबत घ्या. वर्षश्राद्ध म्हणू नका, स्मरण म्हणा, म्हणजे त्यांचाही अडसर राहणार नाही. पहिली पणती गावातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाच्या हातून लावा. यादीत पहिली ओळ आजीची घ्या, आणि नावाच्या जागी 'सखूआजी' लिहायला हरकत नाही. ते नाव तिने अंगावर जपले होते, तिला त्याने हाक मारलेली आवडेल.

कार्यक्रम कसा झाला, ते कळवावे. इतर गावांनीही आपापला अनुभव लिहावा, निवडक पत्रे इथे देऊ. पुढील अंकी उन्हाळी भुईमुगाची पूर्वतयारी.