झिप फाइल ‘करप्ट’ ठरवण्याआधी

१/
जुन्या कागदांच्या स्कॅनची झिप फाइल एका संगणकावर स्क्रिप्टने तयार होते. दुसऱ्यावर उघडताच नावांची अक्षरे विस्कटतात, फोल्डर नाहीसे होतात आणि ती ‘करप्ट’ ठरवून टाकून दिली जाते. हा निवाडा घाईचा आहे. मोडी वाचता येत नाही म्हणून इतिहासाचा अभ्यासक कागद फेकत नाही. झिपलाही साधनचिकित्सेचा तोच न्याय हवा. 🧵

२/
झिपचा जन्म १९८९ चा, फिल कॅट्झ यांच्या हातून, डॉसच्या जगात. नावांसाठी गृहीत धरलेल्या आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या वर्णसंचात देवनागरी नव्हतीच. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण झिपच्या नियमांत २००६ मध्ये आली. स्क्रिप्टने ती खूण केली नाही, तर ‘पत्र’ या शब्दाचे बारा बाइट बारा निरर्थक चिन्हे होऊन समोर येतात.

३/
फोल्डरांचे कोडेही ऐतिहासिकच. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते आणि ‘/’ हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरले जाई. म्हणून १९८३ साली फोल्डर आले तेव्हा त्यांच्या वाट्याला ‘\’ आले. झिपचा नियम मात्र ‘/’ चा आहे. तरीही मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या ४.६.१ पूर्वीच्या आवृत्त्या झिपमध्ये ‘\’ लिहीत. लिनक्सवर अशा झिपमधले ‘दप्तर\१’ हे फोल्डर न बनता एकाच फाइलचे नाव बनू शकते.

४/
झिपच्या मूळ नोंदीत वेळ असते, पण ती कोणत्या देशाची हे नसते. पेशवेकालीन पत्रांवर अनेकदा चंद्र आणि महिना असतो, साल नसते. ते मजकुरावरून ठरवावे लागते. येथेही तसेच.

५/
निदानाचा क्रम असा असावा. मूळ फाइलला हात न लावता प्रत करावी. मग प्रत्येक फाइलची सीआरसी-३२ ही पडताळणी-संख्या तपासावी. ती जुळली, तर नावे कितीही विस्कटलेली असोत, मजकूर शाबूत आहे. त्यानंतर ‘झिपइन्फो’ने जन्मस्थळ पाहावे: ० म्हणजे डॉस, ३ म्हणजे युनिक्स. अर्थात हा प्रोग्रामने स्वतःविषयी केलेला दावा आहे; बखरीतल्या दाव्याप्रमाणे तोही पारखून घ्यावा.

६/
खरी जबाबदारी झिप तयार करणाऱ्याची आहे. कोणती प्रणाली, कोणते साधन, नावे कोणत्या वर्णसंचात, हे सांगणारी चार ओळींची फाइल सोबत ठेवायला मिनिटही लागत नाही. ठिकाण आणि मिती नसलेल्या पत्रांवर संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. आजच्या स्कॅनवर तीच वेळ आणणे हा निव्वळ आळस होय.