बंगला जुना, मग आपण नवे कसे?

गावाच्या वर टेकाडावर इंग्रजाच्या वेळचा फॉरेस्टचा बंगला आहे. इतकी वर्षं त्यात वटवाघळं होती. आता कौलं बदलली, सागाची दारं घासून चकचकीत केली, मोरीत गरम पाणी आलं. बाहेर पाटी लागली, 'शंभर वर्षांचा ऐतिहासिक वारसा'. शहरातले पाहुणे सुट्टीला येतात, भाडं भरून राहतात.

बंगला दुरुस्त झाला याचं वाईट नाही. काम चांगलं झालंय, आपल्याच पोरांनी केलंय. पण पाटीवर लिहिलंय, अमुक साहेबाने बांधला. साहेबाने दगड वाहिले का? आमचा आजा सांगायचा, वेठीला माणसं धरून न्यायचे. पुढेही साहेब मुक्कामाला आला की सामान वाहा, लाकूड-पाणी भरा, कोंबडी द्या, अन् पैसा मागायचा नाही.

आता त्याच खात्याचे लोक दाव्याच्या पडताळणीला येतात आणि विचारतात, "तुम्ही इथं कधीपासून? दंडाची पावती दाखवा." पावत्या उंदरांनी खाल्ल्या. पण बंगला शंभर वर्षांचा हे तर तुम्हीच पाटीवर लिहिलं ना? मग तो बांधणारे काय आभाळातून पडले?

भावांनो, बहिणींनो, ही नुसती बोलायची गोष्ट नाही. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. नियम १३ प्रमाणे पावती नसली तरी चालतं. जुनं गॅझेटियर, वनखात्याचे आराखडे, नकाशे, आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळे पुरावे आहेत. कोणतेही दोन जोडायचे. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. आपल्यातल्या बिगर-आदिवासी घरांना मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. त्यांचेच दावे जास्त अडकलेत, त्यांना बंगल्याच्या वेठीचा जबाब फार कामाचा.

एकट्या बंगल्यावर दावा मंजूर होणार नाही, हेही सांगतो. शेत कुठलं, किती, ते मोजून द्यावंच लागेल. पण बंगल्याचे जुने कागद, मुक्कामाच्या वह्या वनहक्क समितीने लेखी मागाव्यात. समितीने मागितलं तर खात्याने खरी नक्कल द्यायची असते, तसं नियम १२ मध्येच आहे.

आमच्या पाड्यावर एक आजी आहे, तिचा बाप त्या बंगल्यावर पाणी भरायचा. तिचा जबाब ग्रामसभेत घेणार आहोत. संध्याकाळी ती लवकर निजते, म्हणून या वेळची ग्रामसभा सकाळीच ठेवलीय.