वय निघून गेले का?

वाशी तालुक्यातल्या एका लेकीचे पत्र आले आहे. दहावीपर्यंत गावची मराठी शाळा, पुढे नर्सिंग, आता शहरात एका दवाखान्यात नोकरी. बरोबरच्या दोघी परदेशी निघाल्या. वॉर्डातले काम हिला त्यांच्याइतकेच येते, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. वय 26. आई म्हणते, “आता कुठं इंग्रजी शिकतीस, लग्नाचं बघ.” पोरीने विचारले आहे, या वयात भाषा येते का?

मावशी, रागावू नका, पण एक जुनी हकीकत ऐका.

1882 साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या तेव्हा 24 वर्षांच्या होत्या. आईबाप दुष्काळात गेलेले, नवरा नुकताच पटकीने गेलेला, कडेवर मनोरमा नावाची लहान पोर. संस्कृत मात्र जिभेवर, आईनेच शिकवलेले. त्या वर्षी हंटर साहेबांचे शिक्षण कमिशन पुण्यास आले. त्यांच्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली ती मराठीत. साहेबांसाठी तिचे इंग्रजी दुसऱ्यांनी केले. मिस हरफर्ड नावाच्या बाईंकडे त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले तेही पुण्यातच. मग ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या मराठी पुस्तकाच्या पैशांतून प्रवासखर्च उभा करून, लेकीला घेऊन 1883 मध्ये विलायतेला निघाल्या.

डॉक्टर व्हायचे मनात होते. कानाने कमी ऐकू येई, म्हणून ते राहिले. पण चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि तिथेच इंग्रजी, गणित, शास्त्र शिकू लागल्या. एका वर्गात मास्तरीण, दुसऱ्या वर्गात विद्यार्थिनी! आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, गावोगाव व्याख्याने दिली, आणि 1887 साली फिलाडेल्फियात त्यांचे इंग्रजी पुस्तक छापून निघाले. साक्षीपासून पुस्तकापर्यंत पाच वर्षे. तिकडे जमवलेल्या मदतीवर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच साली अमेरिकेचे प्रवासवर्णन लिहिले, ते मात्र मराठीत.

आता लेकी, तुझ्याकडे वळतो. रमाबाईंची विलायतेत गरज पडली ती संस्कृतमुळे. इंग्रजी तर तिथल्या पोराटोरांनाही येते. तुझे संस्कृत म्हणजे तुझे नर्सिंग. ते हातात आहे, हे विसरू नकोस.

ब्रिटनमध्ये नर्स व्हायचे तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएस किंवा ओईटी, दोन्ही तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला चालतात. ओईटी ही दवाखान्यातल्या माणसांसाठीच काढलेली आहे. तोंडी परीक्षेत रुग्णाशी बोलायचे, लेखीत रुग्णाच्या नोंदी वाचून पत्र लिहायचे. म्हणजे तू रोज करतेस तेच, फक्त दुसऱ्या भाषेत. तेव्हा व्याकरणाच्या जाड पुस्तकाने सुरुवात करू नकोस. आज ज्या पाच रुग्णांशी बोललीस, त्यांच्याशी झालेले बोलणे रात्री खोलीत मोठ्याने इंग्रजीत म्हण. शेजारीण हसेल, हसू दे. फी मोठी आहे आणि निकाल साधारण दोनच वर्षे धरतात, म्हणून घाईने अर्ज भरू नकोस. आणि जर्मनीच्या जाहिराती दिसतात, तिथे जायचे तर जर्मन लागते, इंग्रजीवर भागत नाही. हे न सांगता पैसे मागणारा दलाल भेटला तर उंबऱ्यातूनच परत पाठव.

मावशी, आपल्या जिल्ह्याला हे काही नवे नाही. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत. घरात मराठी बोलणारी माणसे कचेरीत उर्दू लिहीत. जुन्या पेटीत एखादा कागद अजून सापडेल. सापडला तर लेकीला दाखवा.

आणि पोरी, पुढच्या पत्रातल्या निदान चार ओळी इंग्रजीत लिही. चुका आम्ही मोजणार नाही.