चुंबक चिकटला नाही, म्हणून काय झालं?

फायबरच्या जुन्या बोटीचं बाहेरचं हार्डवेअर बदलणं हे काम आपल्याकडे 'फिनिशिंग'मध्ये धरतात. रेलिंग, कडेची ॲल्युमिनियमची पट्टी, दोर बांधायचे खुंटे, बिजागऱ्या. जुनं गंजलं? काढा. नवं चकचकीत आणा, त्याच भोकात स्क्रू पिळा, वरून सिलिकॉन फासा. झाली बोट नवी! आमच्या धंद्यात जुन्या कोडला हात न लावता नुसते स्क्रीनचे रंग बदलून 'नवीन व्हर्जन' देतात, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर कोणी बुडत नाही.

सुरुवात मालापासून करू. अक्कलकोट रोड एमआयडीसी टॉवेल-चादरींची, पण त्या कारखान्यांच्या आधाराने लेथ, वेल्डिंग, बफिंगची छोटी वर्कशॉप्सही तिथे चालतात. उजनीच्या बॅकवॉटरला बोट चालवणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर मी रेलिंगचा पाइप घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने खिशातून चुंबक काढला, पाइपला लावला, सोडला. पडला. "बघा साहेब, ओरिजिनल ३०४!"

अहो, २०२ लाही चुंबक चिकटत नाही! निकेल महाग, म्हणून २०० सिरीजमध्ये ते कमी करून मँगेनीज वाढवतात. पोलाद तरीही अचुंबकीयच राहतं, गंजाला मात्र लवकर बळी पडतं. उलट अस्सल ३०४ चा बोल्ट थंड अवस्थेत ठोकून, आटे पाडून बनवलेला असेल तर त्याला चुंबक थोडा ओढतो. म्हणजे ही परीक्षा खोट्याला पास करते आणि खऱ्याला नापास. तपासायचंच असेल तर बाजारात रसायनाचा थेंब टाकून बघायचे किट मिळतात, २०० सिरीजवर रंग वेगळा येतो. ते नको असेल तर बिलावर ग्रेड लिहून मागा. आम्ही मागितला. दुकानदाराचा उत्साह तिथेच मावळला.

"गोडं पाणी आहे हो, समुद्र थोडाच आहे?" हा दुसरा युक्तिवाद. मान्य, म्हणून तर ३१६ चा हट्ट मी धरत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मालवणला हवं. पण स्टेनलेस टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनने तयार होणाऱ्या पातळ थरामुळे. पट्टीखाली पाणी साचून राहिलं, हवा लागली नाही, की नेमका लपलेला भाग खातो. वरून बफिंग लखलखीत, खाली स्क्रूची मान बारीक. आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा स्क्रू थेट बसवलात तर ओलीत पट्टीच आधी पांढरी भुकटी होऊन झिजते.

आता खरं दुखणं, भोकं. जुन्या बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बहुतेक वेळा प्लायवूड असतं. वीस वर्षं सैल स्क्रूतून पाणी झिरपलं की त्या लाकडाचा भुगा होतो. त्यात नवा स्क्रू, अगदी सोन्याचा का असेना, काय पकडणार? कारागीर म्हणतो, "एक साइझ मोठा टाकतो." टाकतो, घट्ट लागतो, महिनाभर टिकतो.

असं चालणार नाही. भोक मोठं करायचं, कुजलेलं लाकूड खरवडून काढायचं, पूर्ण वाळवायचं, घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि वाळल्यावर त्या इपॉक्सीतून नव्याने भोक पाडायचं. मग आरपार बोल्ट, आतून तळहाताएवढी प्लेट, नायलॉक नट. सिलिकॉनऐवजी पॉलियुरेथेन किंवा ब्युटाइल टेप. सिलिकॉन एकदा फासलं की त्या जागी पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. प्लेट कापून द्यायला एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेटर दहा मिनिटं लावील. पण ती आत बसते, दिसत नाही, म्हणून तिचे पैसे द्यायला कोणी तयार नाही!

२१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली, ६ जण गेले. तिथे हार्डवेअर कारण होतं असं मी अजिबात म्हणत नाही. त्यानंतर लाइफ जॅकेटवर चर्चा झाली, ती योग्यच होती. पण वारा सुटला की माणूस हात घालतो रेलिंगला. दुसऱ्या बोटीने ओढून न्यायची वेळ आली तर दोर पडतो खुंट्यावर. त्या क्षणी सगळा भार त्या भुगा झालेल्या प्लायवूडवर येतो. याला फिनिशिंग कसं म्हणायचं?

"परवडत नाही" म्हणणाऱ्या बोटवाल्याचं दुःख मला कळतं, फेरीला मिळतात किती! तर मग सगळं बदलू नका. बिजागऱ्या गंजक्या राहू द्या, कडेची पट्टी चेपलेली राहू द्या. चार खुंटे आणि रेलिंगचे पाय, एवढेच आधी उघडा आणि आतून प्लेट टाका. ओळखीच्या बोटवाल्याने तेच केलं. बोट दिसायला पूर्वीइतकीच भंगार आहे, आणि शेजारचा बोटवाला त्याला अजून हसतो.