काळजाचा रंग
‘काळजाचा तुकडा’ म्हणताना आपला हात छातीवर जातो, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृतच तोलून मिळतं. सुमारे दीड किलोचं हे काळीज उजव्या बरगड्यांखाली बसून मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त हाताळतं. उत्सर्जन म्हटलं की आपण मूत्रपिंडांचं नाव घेतो. ती जो युरिया गाळतात तो मात्र यकृतात घडतो. प्रथिनांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाची धार तिथे बोथट केली जाते. अमोनियाचा युरिया करणारं हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं. मला मात्र अधिक ओढ आहे ती पिवळ्या रंगाची. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनमधून बिलिरुबिन उरतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला विरघळण्याजोगं करून पित्तावाटे आतड्यात सोडतं, तिथले जिवाणू त्याचं रूप पालटतात, म्हणून शौचाला तपकिरी रंग येतो. लघवीचा पिवळेपणाही याच घराण्यातला. तेव्हा रंग बघत चला, विशेषतः तान्ह्या बाळाचा. नवजात बाळाची कावीळ बहुधा आपोआप ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील आणि शी पांढुरकी होत असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. अशा वेळी गळ्यात माळ बांधून कावीळ ‘उतरवण्यात’ दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यकृत वाचण्याची आशा जास्त असते.