विश्लेषण : ‘निन्जा गायडेन’ १३ वर्षांनी परततोय, त्याचा कठोरपणाही परतणार का?

‘निन्जा गायडेन ४’ हा व्हिडीओ गेम मंगळवारी, २१ ऑक्टोबर २०२५ रोजी जगभर दाखल झाला. मालिकेतील याआधीचा क्रमांकित भाग २०१२ मध्ये आला होता आणि त्याने चाहत्यांची निराशाच केली होती. १३ वर्षांच्या खंडानंतर मालिका पुन्हा उभी राहत असताना, प्रकाशनाला अवघे पाच दिवस उरले असता, तिला आधुनिक रूप देणारे तोमोनोबू इतागाकी यांच्या निधनाचे वृत्त आले. त्यामुळे चाहत्यांच्या उत्सुकतेला हळहळीची किनार होती. खेळाडूची दमछाक करणे हीच या मालिकेची ओळख. आजच्या बाजारात ती आपला स्वभाव राखू शकेल का, हा या पुनरागमनाच्या निमित्ताने पडणारा खरा प्रश्न आहे.

मालिकेची सुरुवात कशी झाली?

जपानच्या टेक्मो कंपनीने १९८८ मध्ये हा गेम दोन वेगळ्या रूपांत आणला. एक गेम पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी, तर दुसरे निन्टेंडोच्या घरगुती संचासाठी. जपानी नावाचा अर्थ साधारण ‘ड्रॅगन तलवारीची आख्यायिका’ असा होतो. अमेरिकेत त्याचे नाव ‘निन्जा गायडेन’ झाले. गायडेन म्हणजे उपकथा. ही उपकथाच पुढे मुख्य कथा होऊन बसली.

पार्लरमधील यंत्रावर डाव हरला की एक दृश्य दिसे. निन्जा जखडलेला आहे, वरून फिरती करवत खाली येते आहे आणि आकडे उलटे मोजले जात आहेत. वेळेत नाणे टाकले तर सुटका, नाही तर खेळ खल्लास. म्हणजे कठीणपणा हा तेव्हा धंद्याचाच भाग होता. खेळाडू जितका लवकर हरेल, तितकी नाण्यांची पेटी लवकर भरे.

घरगुती आवृत्तीत नाण्यांचा प्रश्न नव्हता, तरी ती सोपी झाली नाही. अखेरच्या शत्रूंपुढे हरलेल्या खेळाडूला सहाव्या अंकाच्या आरंभापर्यंत मागे फेकले जाई. मात्र तिने एक नवी गोष्टही दिली. दोन अंकांच्या मध्ये चित्रपटासारखी दृश्ये येत आणि वडिलांच्या शेवटच्या लढतीचा माग काढणाऱ्या रियू हायाबुसाची कथा पुढे सरके. कठीण टप्पा पार केल्याचे बक्षीस म्हणजे गोष्टीचा पुढचा तुकडा, हे गणित खेळाडूंना आवडले. १९९० आणि १९९१ मध्ये आणखी दोन भाग आले.

भारतात नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे स्वस्त संच घरोघरी आले, ते बहुतांश निन्टेंडोच्या संचाच्या नकला होत्या. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’च्या कॅसेटवर सुट्ट्या घालवलेल्या त्या पिढीला मूळ कंपनीचे नाव ठाऊक नसेल, पण सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून, हा नियम तिलाही पाठ होता.

इतागाकी यांनी नेमके काय बदलले?

१९९२ मध्ये टेक्मोत दाखल झालेल्या इतागाकी यांनी ‘टीम निन्जा’ हा चमू उभारला. ‘डेड ऑर अलाइव्ह’ या मारामारीच्या गेममुळे त्यांचे नाव झाले. २००४ मध्ये त्यांनी एक्सबॉक्ससाठी ‘निन्जा गायडेन’ त्रिमितीत नव्याने घडवला. अशा गेममध्ये शत्रू सहसा नायकाभोवती कडे करून आपल्या पाळीची वाट पाहत उभे राहतात. इतागाकींचे शत्रू वाट पाहत नसत. ते एकत्र तुटून पडत, खेळाडूचे वार अडवत आणि त्याची किंचित चूकही सोडत नसत. केवळ बटणे बडवून येथे निभाव लागत नसे. कधी अडवायचे, कधी बाजूला सरकायचे आणि कधी वार करायचा हे शिकावेच लागे.

तरीही हा गेम अन्यायी नव्हता, असे त्याचे चाहते आजही सांगतात. नायकाची हालचाल बोटांच्या हुकमात असे आणि हरल्यावर चूक कोठे झाली ते बहुतेकदा कळे. २००५ मधील ‘ब्लॅक’ या सुधारित आवृत्तीत वारंवार हरणाऱ्यांसाठी सोपा पर्यायही होता. पण त्याचे नाव ‘निन्जा डॉग’ असे ठेवले होते आणि तो निवडला की नायकाच्या दंडावर रंगीत फीत बांधली जाई. मदत मिळे, पण टोमण्यासकट. २००८ मधील दुसऱ्या भागात तर हात-पाय तुटलेला शत्रूही जीव खाऊन अंगावर येई.

मग मालिका रुळावरून का घसरली?

दुसरा भाग बाजारात येत असतानाच, २००८ मध्ये, इतागाकी कंपनीतून बाहेर पडले. बोनस थकवल्याचा आरोप करून त्यांनी टेक्मोवर दावाही लावला. पुढच्या वर्षी टेक्मो आणि कोएई या कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. २०१२ मध्ये तिसरा भाग आला तो इतागाकींविना. जास्तीत जास्त लोकांना खेळता यावा, म्हणून त्यात बरेच काही कमी करण्यात आले. शस्त्रांचा साठा आटला, शत्रूंचे अवयव तुटणे थांबले, लढाई सोपी आणि एकसुरी झाली. नवे खेळाडू फारसे मिळाले नाहीत आणि जुने नाराज झाले. त्याच वर्षी ‘रेझर्स एज’ या आवृत्तीत चुका दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला, पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. २०१४ मधील ‘याइबा’ हा उपभागही मालिकेला सावरू शकला नाही.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. तिसऱ्या भागाच्या काही महिने आधी, २०११ मध्ये, ‘डार्क सोल्स’ हा अत्यंत कठीण गेम आला होता. कठीणपणाच पुढे त्याची जाहिरात ठरला. त्याच कंपनीच्या २०२२ मधील ‘एल्डन रिंग’च्या तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. म्हणजे ज्या गुणाला भिऊन ‘निन्जा गायडेन’ने पाठ फिरवली, त्याच गुणावर दुसऱ्यांनी साम्राज्य उभारले. पुढे टीम निन्जानेही त्या धाटणीचा ‘निओह’ २०१७ मध्ये आणला आणि तो नावाजला गेला. मूळ मालिका मात्र कपाटातच राहिली.

आता ती कोण परत आणत आहे?

मायक्रोसॉफ्टने २३ जानेवारी २०२५ रोजी या गेमची घोषणा केली आणि त्याच दिवशी ‘निन्जा गायडेन २ ब्लॅक’ ही दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती विक्रीला आणली. चौथा भाग टीम निन्जा आणि प्लॅटिनमगेम्स या दोन जपानी स्टुडिओंनी मिळून घडवला आहे. दोघांची गाठ घालून देण्यात एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांचा वाटा होता. ‘बायोनेटा’, ‘मेटल गिअर रायझिंग’ आणि ‘निअर : ऑटोमाटा’ हे प्लॅटिनमचे गाजलेले गेम. वेगवान तलवारबाजी हा त्यांचा हातखंडा.

प्लॅटिनमसाठीही हे पुनरागमनच आहे. मायक्रोसॉफ्टसाठी ते करत असलेला ‘स्केलबाउंड’ २०१७ मध्ये रद्द झाला होता. २०२२ मधील ‘बॅबिलन्स फॉल’ वर्षभरात बंद करावा लागला आणि २०२३ मध्ये संस्थापकांपैकी एक असलेले हिदेकी कामिया बाहेर पडले. थोडक्यात, या गेममध्ये एका मालिकेची आणि एका स्टुडिओची अशी दोन्ही नावे पणाला लागली आहेत.

नव्या गेममध्ये काय आहे?

कथा नजीकच्या भविष्यातील तोक्योत घडते. काळ्या ड्रॅगनच्या शापाने ग्रासलेल्या या शहरावर विषारी पाऊस कोसळतो आहे. नायक रियू नव्हे, तर कावळ्याचे नाव लावणाऱ्या दुसऱ्या घराण्यातील याकुमो हा तरुण निन्जा आहे. रियू हायाबुसाही खेळता येत असला, तरी गोष्टीचा भार याकुमोच्या खांद्यावर आहे. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हे खटकले. पण नवा नायक आणल्याने नव्या खेळाडूला मागचे भाग न खेळताही आत शिरता येईल, हा त्यामागचा हिशेब दिसतो. अवयव तोडणारी हिंसक लढाई मात्र परतली आहे आणि ती लहान मुलांसाठी नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यायला हवे.

सर्वांत बोलका बदल आहे तो ‘हीरो’ या सोप्या पर्यायाचा. त्यात वार अडवणे, बाजूला सरकणे अशा गोष्टींत गेम स्वतःच साहाय्य करतो. ‘निन्जा डॉग’पासून ‘हीरो’पर्यंतचा हा प्रवास म्हणजे २० वर्षांत खेळाडूकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली याचा पुरावाच. तेव्हा मदत मागणाऱ्याची थट्टा होई, आता त्याचा मान राखला जातो.

जुनी नावेच का परतत आहेत?

हा एकटाच निन्जा नाही. स्पेनच्या ‘द गेम किचन’ने घडवलेला ‘निन्जा गायडेन : रेजबाउंड’ ३१ जुलैला आला. त्यात १९८८ची द्विमिती चित्रशैली नव्या तंत्राने साकारली आहे. सेगाच्या १९८७ मधील ‘शिनोबी’चा नवा अवतार, ‘आर्ट ऑफ व्हेंजन्स’, २९ ऑगस्टला आला. तो फ्रान्सच्या ‘लिझर्डक्यूब’चा आहे. म्हणजे जपानी कंपन्यांचे जुने निन्जा युरोपातील तरुण स्टुडिओ पुन्हा रेखाटत आहेत.

याचे कारण निव्वळ जिव्हाळा नाही. मोठा गेम घडवायला आज चार-पाच वर्षे आणि प्रचंड भांडवल लागते. अशा वेळी ओळखीचे नाव म्हणजे अर्धी जाहिरात झाल्यासारखे. लहानपणी हे गेम खेळलेली पिढी आज कमावती आहे, हेही आहेच. मात्र जुने नाव म्हणजे अभय नव्हे. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये सुमारे नऊ हजार जणांची नोकरकपात जाहीर केली, त्या वेळी ‘परफेक्ट डार्क’ या जुन्या मालिकेचे पुनरुज्जीवनही अर्ध्यात थांबवले आणि तो घडवणारा स्टुडिओ बंद केला. त्या पार्श्वभूमीवर ‘निन्जा गायडेन ४’ पूर्ण होऊन बाजारात आला, हेच थोडे नाही.

वर्गणीच्या काळात कठीण गेम टिकेल का?

हा गेम एक्सबॉक्स, प्लेस्टेशन ५ आणि संगणकावर मिळतो. प्रकाशनाच्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत ७० डॉलर होती. पण मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास अल्टिमेट’ची मासिक वर्गणी भरणाऱ्यांना तो पहिल्या दिवसापासून वेगळे पैसे न देता खेळता आला. ही वर्गणी १ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत २० वरून ३० डॉलर, तर भारतात ८२९ वरून १,३८९ रुपये झाली. भारतातल्या खेळाडूंमध्ये नाराजी होती ती यामुळेच. गेम नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आल्याने सुट्टीत एखाद्या महिन्याची वर्गणी भरून तो उरकण्याचा विचार काही जणांनी केला असेल.

कठीण गेमपुढचा पेच येथेच आहे. पार्लरमधल्या खेळाडूला टाकलेले नाणे सोडवत नसे. महागडी कॅसेट किंवा डिस्क विकत घेतलेला खेळाडू दहादा हरला तरी पैसे वसूल करण्यासाठी पुन्हा बसे आणि त्या हट्टातूनच कौशल्य येई. वर्गणीतल्या खेळाडूने मात्र या एका गेमसाठी काहीच मोजलेले नसते. शेकडो गेम एका बटणावर असताना दुसऱ्या पराभवानंतर तो निघून जाऊ शकतो. त्याला थांबवण्यासाठी गेम गुळगुळीत करण्याचा मोह प्रत्येक कंपनीला होतो. तो मोह २०१२ मध्ये महागात पडला होता.

कसोटी कशाची?

त्यामुळे पुनरागमन यशस्वी झाले की नाही, हे केवळ विक्रीच्या आकड्यांवर ठरू नये. सोपा पर्याय असणे हा दोष नाही. हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांना, वेळ कमी असलेल्या नोकरदारांना किंवा पन्नाशीतल्या जुन्या चाहत्यांनाही गोष्टीचा शेवट पाहण्याचा हक्क आहे. पण सोपा दरवाजा वेगळा ठेवणे आणि सगळी इमारतच बुटकी करणे यांत फरक आहे. तिसऱ्या भागाने दुसरी वाट धरली. चौथा भाग पहिली धरतो आहे, असे प्रकाशनाआधी दाखवलेल्या लढतींवरून वाटले. तसे असेल, तर जुन्या खेळाडूची शिस्त आणि नव्या खेळाडूची सोय एकत्र नांदू शकतात, हे सिद्ध होईल.

इतागाकी ५८ वर्षांचे होते. त्यांनी आधीच लिहून ठेवलेला निरोपाचा मजकूर १६ ऑक्टोबरला त्यांच्या फेसबुक पानावर प्रसिद्ध झाला. चौथ्या भागाच्या घडणीत त्यांचा हात नव्हता. पण याकुमोला हाती घेणारा खेळाडू जेव्हा हरेल, चडफडेल आणि आपली चूक ओळखून पुन्हा उभा राहील, तेव्हा तो त्यांनीच घालून दिलेला नियम पाळत असेल. हरवलेल्याला शिकवणे, हा तो नियम. मालिकेचे नाव परत आणणे सोपे असते. हा नियम परत आला, तरच ‘निन्जा गायडेन’ परतला असे म्हणता येईल.