रुळांवाचूनची वाट

बार्शीहून लातूरकडे निघालेली एस. टी. बस पांगरी मागे टाकून येडशीकडे वळली, की बालाघाटाच्या डोंगररांगा जवळ येऊ लागतात. याच बाजूला, रामलिंगच्या घाटातून, एके काळी एक चिमुकली आगगाडी धापा टाकीत चढत असे. ती बार्शी लाईट रेल्वे होय. आज त्या घाटातील रूळ गेले आहेत आणि प्रवाशांना नेण्याचे काम बसकडे आले आहे. तथापि रूळ गेले म्हणजे वाटही निरुपयोगी झाली, असे मानणे योग्य नव्हे.

ही वाट सामान्य नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तिची आखणी केली. त्याच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्च आटोक्यात राहिला. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. पुढे 1906 साली पंढरपूर, 1911 साली लातूर आणि 1927 साली मिरज जोडले गेले. बार्शी इंग्रजी अमलाखाली होती, तर येडशी, ढोकी, लातूर ही गावे निजामाच्या राज्यात; परंतु गाडीने दोन्हींकडील बाजारपेठा व माणसे एका सूत्रात गुंफली. ज्या कसबे तडवळे गावी 1941 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत मोठी परिषद भरली, ते गावही याच मार्गावरचे होय.

1954 साली ही रेल्वे सरकारने विकत घेतली. अरुंद रुळांच्या जागी रुंद रूळ आले, याचा खेद करण्याचे कारण नाही. पूर्वी कुर्डुवाडीस एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. तो खटाटोप संपला. जुना मार्ग उस्मानाबाद शहरास, म्हणजे आजच्या धाराशिवास, स्पर्शही करीत नव्हता. नवा मार्ग मुद्दाम वळवून तेथे नेण्यात आला. 2007 साली लातूर ते उस्मानाबाद आणि 2008 साली पुढे कुर्डुवाडीपर्यंत रुंद मार्ग खुला झाला. जिल्ह्याच्या ठिकाणास न्याय मिळाला; मात्र त्याच वळणाने घाटातील जुनी वाट एकाकी पडली.

कोणी म्हणेल, मोडक्या वाटेच्या आठवणींनी पोट भरत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु येथे प्रश्न केवळ आठवणींचा नाही. कॅलथ्रॉपनेच इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तितक्याच रुंदीची एक रेल्वे उभारली होती. ती 1934 साली बंद पडली. तेथील लोकांनी तिचा मार्ग मोडीत काढला नाही. 1937 साली त्याचीच पायवाट केली. आगगाडीस तीव्र चढ सोसत नाही, म्हणून तिची वाट सौम्य असते. वृद्धांना व बालकांनाही ती सुखाने चालता येते. रामलिंगचा परिसर 1997 पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या संमतीने, नवे झाड न तोडता, जुन्या मार्गाचा काही भाग तरी पादचाऱ्यांसाठी राखणे अशक्य का असावे?

त्यासाठी प्रथम त्या वाटेची नोंद झाली पाहिजे. हे काम येडशी, तडवळे, ढोकी येथील विद्यार्थी करू शकतील. बसच्या मार्गाने जावे, गावोगावच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, जुनी स्थानके कोठे होती ते नकाशावर टिपावे. ज्यांनी ती गाडी पाहिली, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. म्हणून विलंब परवडणारा नाही. वाहने बदलतात, ती बदललीच पाहिजेत. पण पूर्वजांच्या श्रमाने डोंगरात पडलेली वाट नव्या उपयोगास लावणे, हेही प्रगतीचेच लक्षण आहे.